परमिट रूममधलं परमिट गेलं कुठं?

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना जे 'म्हणजे, म्हणजे' होतं ते थोडं कापलंय, बाकी जसं बोललो तसंच.

सुरुवात एका फजितीपासून. मी आणि माझा एक मित्र, दोघंही परभणीचे, एका लग्नासाठी पुण्याला गेलो होतो. संध्याकाळी एका वाईन शॉपच्या रांगेत उभे राहिलो. आमचा नंबर आला तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दादा, आधार दाखवा." मी दाखवलं. माझं वय सत्तावीस. त्यानं जन्मतारीख बघितली, मान हलवली. मग मित्राकडं वळला. मित्र चोवीस वर्षांचा. पोरगा म्हणाला, "ह्यांना नाही देता येणार. पंचवीस लागतात. बिअर पाहिजे तर घ्या."

मागं रांग. सगळे बघायलेत. मित्राचा चेहरा असा झाला की बस. बाहेर आल्यावर तो पेटलाच. म्हणाला, "आमदार निवडून द्यायला मी मोठा, खासदार निवडून द्यायला मोठा, बँकेत चुलत्याच्या कर्जाला जामीन राहायला मोठा, पुढच्या वर्षी लग्न करायलेत माझं त्यासाठी मोठा. आणि इथं हा पोरगा मला सांगतो तू लहान!" आणि मग त्यानं जो प्रश्न विचारला त्यावरून हा सगळा भाग निघाला. "आपल्या परभणीत कधी कुणी विचारलं का रे?"

मी आठवायला लागलो. खरंच, मला तरी कधी कुणी विचारलेलं नाही. वय नाही, नाव नाही, काहीच नाही. आणि गंमत बघा, परभणीत स्टेशनपासून वसमत रोडपर्यंत, जिंतूर रोडला, गंगाखेडला, कुठंही जा, पाट्यांवर काय लिहिलेलं असतं? 'परमिट रूम व बिअर बार'. परमिट रूम. लहानपणापासून ही पाटी वाचत मोठे झालो आपण. शाळेत असताना मला वाटायचं, परमिट हे मालकाचं आडनाव असेल. नंतर वाटलं, बार चालवायला सरकारनं दिलेली परवानगी म्हणजे परमिट.

दोन्ही चूक. परमिट मालकाचं नाही. परमिट तुमचं. पिणाऱ्याचं. परमिट रूम म्हणजे ज्याच्या खिशात स्वतःच्या नावाचा सरकारी परवाना आहे, त्यानंच बसून प्यायची खोली. आजसुद्धा, हा भाग तुम्ही वाचताय त्या दिवशीसुद्धा, महाराष्ट्रात कायद्यानं सज्ञान माणसाला परवान्याशिवाय दारू विकत घेता येत नाही, जवळ बाळगता येत नाही आणि पिताही येत नाही. तुम्ही पंचवीसचे असा, पन्नासचे असा नाहीतर ऐंशीचे असा.

म्हणजे माझ्या मित्राला चोवीसाव्या वर्षी अडवलं तेव्हा मला सत्तावीसाव्या वर्षी सोडलं, हेसुद्धा कायद्याच्या नजरेत चूकच होतं. त्यानं माझं आधार बघितलं, परवाना बघितलाच नाही.

हे असं का आहे? त्यासाठी जरा मागं जावं लागेल. आणि परभणीची गोष्ट मुंबईच्या गोष्टीपेक्षा वेगळी आहे, म्हणून दोन रस्त्यांनी जावं लागेल.

पहिला रस्ता हैदराबादचा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत परभणी निजामाच्या राज्यात. तिथं दारूबंदी नव्हती, तिथं होती अबकारी. दारू आणि शिंदी हे सरकारी खजिन्याचे मोठे झरे होते. १३१६ फसलीचा, म्हणजे साधारण १९०६-०७ चा हैदराबाद अबकारी कायदा होता. विक्रीचे हक्क लिलावात जायचे, आणि ते घेणारा तो गुत्तेदार. आता बघा, मराठवाड्यात आजही रस्त्याचं काम घेणाऱ्याला आपण 'गुत्तेदार' म्हणतो. पुण्यात म्हणून बघा, समोरचा 'कंत्राटदार' म्हणायचंय का तुम्हाला, असं विचारेल. आणि दारूच्या दुकानाला 'गुत्ता' म्हणतात तोही ह्याच घरातला शब्द.

त्या व्यवस्थेत प्रश्न एकच होता, सरकारचा पैसा आला का? शिंदीच्या झाडांवर कर होता, झाडं मोजली जायची. पिणारा कोण, किती वर्षांचा, कुणी विचारायची गरजच नव्हती. नोंद झाडाची होती, माणसाची नव्हती.

म्हणून तर हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडं तोडणं हा लढ्याचा एक कार्यक्रम झाला. १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसनं सत्याग्रह पुकारला. करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले तसे शिंदीच्या बनांवर कुऱ्हाडी पडल्या. दारू वाईट हा गांधीवादी विचार त्यात होताच, पण निजामाचं उत्पन्न तोडायचं हा रोकडा हिशोबही होता. आपल्याकडं १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं तेव्हा रझाकारांच्या गोष्टी सांगतात, रेल्वेच्या, बॉम्बच्या सांगतात. झाडं तोडणाऱ्यांचं फारसं कुणी सांगत नाही. मला स्वतःला ती गोष्ट जास्त आवडते, कारण त्यात बंदूक नसलेला साधा गावकरी आहे आणि तो नेमकं कुठं घाव घालायचा हे ओळखून आहे.

आता दुसरा रस्ता, मुंबईचा. तिथं दारूबंदीचा पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात झाला. बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं, आणि डॉ. गिल्डर हे स्वतः पारशी असलेले मंत्री त्यामागं होते. दारूच्या धंद्यात पारशी बरेच, त्यामुळं समाजातूनच त्यांना विरोध सोसावा लागला. पुढं महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळानं राजीनामा दिला, प्रयोग मोडला. स्वातंत्र्यानंतर तो पुन्हा आला, आणि ह्या वेळी पक्का बांधून आला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. एप्रिल १९५० मध्ये सगळ्या मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. राज्यघटनेतही तोवर कलम ४७ आलेलं होतं, मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्यानं करावा, असं सांगणारं.

ह्या कायद्याची बांधणी नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथं आहे. साधारण कायदा कसा असतो? 'हे हे करू नका, बाकी मोकळीक.' हा कायदा उलटा आहे. आधी सगळं बंद. बनवणं बंद, विकणं बंद, नेणं बंद, जवळ ठेवणं बंद, पिणं बंद. आणि मग बारीक बारीक खिडक्या उघडलेल्या, ज्यांना परवाने म्हणतात. परदेशी पाहुणा आला तर त्याला परवाना. डॉक्टरनं लिहून दिलं की प्रकृतीसाठी गरज आहे, तर आरोग्याचा परवाना. घरात अडीअडचणीला ब्रँडीची बाटली ठेवायची तर त्याचा वेगळा परवाना. प्रत्येक परवान्यावर माणसाचं नाव आणि किती घ्यायची त्याचं माप.

म्हणजे दुकानदार तुम्हाला ओळख विचारत होता ती वयासाठी नव्हती. तुम्ही सज्ञान आहात हे त्याला दिसतच होतं. सज्ञान असूनही तुम्ही 'सूट मिळालेले' आहात का, हे त्याला बघायचं होतं. आज आपल्याला वाटतं ओळखपत्र म्हणजे लहान-मोठं वेगळं करायची चाळणी. त्या काळात ती सगळ्याच मोठ्यांसाठी होती.

हे कुणाला तरी टोचणारच. मुंबईतले एफ. एन. बलसारा नावाचे पारशी गृहस्थ कोर्टात गेले. त्यांची मागणी अशी होती की व्हिस्की, ब्रँडी, वाईन, बिअर ठेवायचा आणि वापरायचा माझा हक्क मला बजावू द्या, आणि सोबत यादीत अजून काय? ओ-द-कलोन, लव्हेंडर वॉटर आणि औषधी वाईन! कारण कायद्यात 'दारू'ची व्याख्या इतकी लांबरुंद होती की अल्कोहोल असलेलं अत्तरही तिच्यात सापडायचं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला, कायद्याचा बहुतेक भाग टिकवला. पण औषधं आणि प्रसाधनांवरची बंदी उडवली. आणि अजून एक कलम उडवलं जे वाचून मी हसलोच. दारूची शिफारस किंवा स्तुती करणं हासुद्धा गुन्हा होता. कोर्ट म्हणालं, हे भाषणस्वातंत्र्यात बसत नाही. म्हणजे १९५१ पासून ह्या राज्यात पिणं बंद, पण कौतुक करायला मोकळीक.

आता दोन्ही रस्ते एकत्र येतात. १ नोव्हेंबर १९५६. राज्यांची पुनर्रचना झाली, हैदराबाद राज्य तुटलं, आणि परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. एकाच राज्यात आता दोन उलटे कायदे. तिकडं मुंबई-पुण्यात दारूबंदी, इकडं अबकारी. मग १९५९ मध्ये कायद्याला विस्तार देणारी दुरुस्ती झाली आणि दारूबंदी कायदा नव्यानं आलेल्या भागांवरही लागू झाला. त्याच दुरुस्तीत रक्तात किती अल्कोहोल सापडलं तर माणूस प्यायलाय असं धरायचं, त्याचंही कलम आलं. दर शंभर भागाला ०.०५ भाग. ज्या गावात कालपर्यंत झाडं मोजत होते, तिथं आता माणसाचं रक्त मोजायची सोय झाली. दहा-बारा वर्षांत केवढा पालट!

पण परभणीच्या नशिबात ही कडक दारूबंदी फार वर्षं नव्हती. मुंबईत तोवर हातभट्टीचा धंदा फोफावला होता, हप्ते बांधले गेले होते, तस्करीतून मोठी साम्राज्यं उभी राहत होती. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, आणि डिसेंबर १९६३ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात साठच्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी सैल होत गेली. परवाने मिळणं सोपं झालं. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि सरकारमान्य देशी दारूची दुकानं उभी राहिली. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही, आणि ह्या बाटल्या त्याच्या पाठोपाठ आल्या, हे माझ्या आजीच्या पिढीच्या बायकांनी वेगळ्या पद्धतीनं लक्षात ठेवलंय. आजी 'सुकडीचं साल' म्हणायची आणि त्याच वाक्यात 'गावात दुकान आलं' म्हणायची.

इथं एक योगायोग सांगतो. ज्या मित्राला पुण्यात दारू नाकारली, तो शिकतो परभणीच्या कृषी विद्यापीठात. विद्यापीठ निघालं १९७२ मध्ये, नाईकांच्याच काळात, आणि २०१३ पासून त्याचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. मी त्याला म्हणलं, ज्या माणसानं खिडकी मोठी केली त्याच्याच नावाचं ओळखपत्र गळ्यात घालून तू खिडकीतून परत आलास. त्याला काही हसू आलं नाही.

हां, तर मुद्दा असा. नाईकांच्या सरकारनं दारूबंदी कायदा रद्द केला नाही. त्यानंतरही कुणी केला नाही. राजकीयदृष्ट्या कोण म्हणणार की आम्ही दारूबंदी उठवली? कायदा तसाच, पूर्ण बंदीचा. फक्त खिडकी इतकी रुंद केली की भिंतच दिसेना. पुढं त्याच्या नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९' झालं, पण 'दारूबंदी' राहिलंच. आणि हा कायदा राबवून सरकारला महसूल मिळवून देणाऱ्या खात्याचं नाव काय, तर राज्य उत्पादन शुल्क. एकाच घरात एक जण नको म्हणतो आणि दुसरा बिल फाडतो.

गुजरातनं ह्याच कायद्याचं काय केलं बघा. वेगळं होताना त्यांनाही हाच १९४९ चा कायदा वाटणीत मिळाला. एकाच आईची दोन लेकरं. तिकडं परवाना आजही खराखुरा परवाना आहे, आरोग्याचं कारण दाखवून अर्ज, तपासणी, मंजुरी. २०२३ च्या शेवटी गिफ्ट सिटीपुरती सूट दिली तर देशभर बातमी झाली. आणि इकडं? इकडं परवान्याचा दर बघा. एक दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी पाच रुपये, देशीसाठी दोन रुपये. वर्षाचा शंभर. आयुष्यभराचा हजार. आयुष्यभराचा! विमा कंपनीसुद्धा इतकी खात्री देत नाही.

एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं दुकानांना आणि बारना दिलेली असतात. नियमानं काय व्हायला पाहिजे? तुम्ही गेलात, वयाचा पुरावा दाखवलात, नाव लिहिलं, पाच रुपये दिलेत, पावती घेतलीत, मग बाटली. मी माझ्या ओळखीच्या दहा-बारा जणांना विचारलं की ही पावती हातात कधी आली का. त्यातल्या नऊ जणांना अशी पावती असते हेच माहीत नव्हतं. एकाला बारच्या बिलात पाच रुपये कसले, हा प्रश्न पडला होता, पण त्यानं विचारलं नव्हतं. ही काही पाहणी वगैरे नाही, माझ्या फोनमधले मित्र आहेत. तुम्ही तुमच्या फोनमध्ये विचारून बघा.

३१ डिसेंबर आला की पेपरात बातमी येते, विभागानं एवढे एवढे परवाने वाटले. लाखांत आकडे असतात. म्हणजे कागद छापले जातात, विकले जातात. त्यावर नाव कुणाचं पडतं, हा प्रश्न मात्र कुणी काढत नाही. ज्या कागदाचा जन्मच पिणाऱ्याची ओळख पटवायला झाला, त्यात आता ओळख सोडून सगळं आहे.

२०२० च्या मे महिन्यात, लॉकडाउनमध्ये, थोडे दिवस गंमत झाली. दुकानांपुढं गर्दी नको म्हणून घरपोच दारूला परवानगी दिली, पण अट घातली परवान्याची. मग लोक ऑनलाइन फॉर्म भरायला बसले. फोटो टाका, वयाचा पुरावा टाका, पैसे भरा. चाळीस-पन्नास वर्षं वयाच्या काकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण इतकी वर्षं बेकायदेशीर पीत होतो. आमच्या गल्लीतले एक काका तर मोबाईल घेऊन माझ्याकडंच आले. म्हणाले, "हे बघ की, काय कारण लिहायचं?" जुन्या भाषेत त्याचं कारण ठरलेलं आहे, आरोग्य जपण्यासाठी. काकांनी ते वाचलं, काकूंनी स्वयंपाकघरातून ऐकलं, आणि पुढचं मी इथं सांगत नाही.

बाहेर जगात असं कुठं झालंय का? झालंय, आणि तेही फार गंभीरपणे. स्वीडनमध्ये. इव्हान ब्रॅट नावाचा एक डॉक्टर होता, त्याच्या विचारातून तिथं दारूचं रेशनकार्डच निघालं. मूटबूक म्हणायचे त्याला. तुमच्या नावाचं छोटं पुस्तक, ठरलेलं दुकान, प्रत्येक खरेदीची नोंद, महिन्याचा कोटा. कोटा सगळ्यांना सारखा नाही. तुमची परिस्थिती बघून ठरायचा. बायकांना कमी, आणि लग्न झालेल्या बाईला बहुतेक वेळा पुस्तकच नाही, कारण घरात नवऱ्याचं आहे ना! १९५५ मध्ये स्वीडननं हे बंद केलं. आवडो न आवडो, पण तिथं पुस्तक होतं तोवर ते खरोखर उघडून त्यात लिहायचे. पटलं नाही तेव्हा सरळ मोडून टाकलं. आपण मोडलंही नाही आणि लिहितही नाही.

आणि अमेरिका? तिथं १९३३ मध्येच देशव्यापी दारूबंदी उठली. नंतर १९८४ च्या कायद्यानं केंद्रानं राज्यांना सांगितलं की वय एकवीस करा, नाहीतर महामार्गाच्या निधीतला वाटा कापू. म्हणून सिनेमात दिसतं ना, तिशीतल्या माणसालाही काउंटरवर आयडी मागतात. तिथली मागणी वयासाठीच आहे आणि कारण रस्त्यावरचे अपघात.

आपल्याकडं वयाचं गणित असं आहे की विदेशी कडक दारूला पंचवीस, बिअरला एकवीस. शेजारी तेलंगणात एकवीस. म्हणजे माझा मित्र नांदेडच्या पुढं बासरला दर्शनाला गेला तर तिथं मोठा, परत आला की लहान. २०११ मध्ये व्यसनमुक्ती धोरणात वयाची मर्यादा वर न्यायचं ठरलं, तेव्हा अभिनेता इम्रान खान त्याविरुद्ध हायकोर्टात गेला होता. त्याचा सूर माझ्या मित्रासारखाच, मत देऊ शकतो तर हे का नाही?

मलाही पुण्याच्या त्या रांगेत मित्राची बाजू बरोबर वाटली होती. मग रात्री झोपताना दुसरं आठवलं. पुण्यातच, मे २०२४ मध्ये, कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलानं चालवलेल्या महागड्या गाडीनं दोन तरुण इंजिनिअरना चिरडलं. त्याआधी त्याला बारमध्ये दारू दिली गेली, वय विचारलं नाही, म्हणून बारशी संबंधित लोकांना अटक झाली. त्यानंतर काही दिवस शहरात कागद बघायचा जोर आला. आमच्या काउंटरवरचा पोरगा कदाचित त्याच जोराचा उरलेला भाग असेल. तो मित्राला लहान म्हणत नव्हता. मालकानं सांगितलेलं काम करत होता, पंधरा-वीस हजाराच्या नोकरीसाठी. आणि खरं सांगू का, आम्ही त्याच्यावर चिडलो पण ज्या दुकानात कधीच विचारत नाहीत त्याच्यावर आयुष्यात कधी चिडलो नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा भाग खरं तर करायचा होता ती.

महाराष्ट्रात दारूचं दुकान बंद करायला बायकांच्या मतदानाची सोय आहे. उभी बाटली, आडवी बाटली. तुम्ही पेपरात वाचलं असेल. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू ठेवा, आडवी म्हणजे बंद करा. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. मग त्या सह्यांची पडताळणी. अधिकारी येतात, बायकांना बोलावतात, आणि ज्या बाईची सही आहे तीच ही बाई आहे का, हे मतदार यादी आणि ओळखपत्र बघून तपासतात. नाव जुळलं पाहिजे. सही जुळली पाहिजे. यादीत सासरचं आडनाव नसेल तर अडचण, कार्डावर वय चुकलं असेल तर अडचण, अंगठा असेल तर अजून विचारपूस. तेवढे पंचवीस टक्के भरले की मतदान. मतदानाच्या दिवशी पुन्हा रांग, पुन्हा ओळखपत्र.

थांबून एकदा विचार करा. त्याच गावात, त्याच दुकानात, त्या बाईचा नवरा रोज संध्याकाळी जातो. कायद्यानं त्याच्याकडं परवाना पाहिजे, त्यावर नाव पाहिजे, वय पाहिजे. त्याला कुणी विचारत नाही. बाटली मिळवायला कागद लागत नाही. ती आडवी करायला दोनदा लागतो.

मी दारूबंदीवाला नाही, हे तुम्हाला सुरुवातीपासून कळलंच असेल. रांगेत मीही होतो. चंद्रपूरला २०१५ मध्ये जिल्हाभर बंदी केली, २०२१ मध्ये उठवली. वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आहे आणि तिथं दारू मिळते का हे तिथल्या कुणालाही विचारा. २०१५ मध्येच मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरहून जास्त माणसं मेली, सगळी गरीब वस्तीतली. त्यामुळं नुसतं बंद करा म्हणून मोकळं होता येत नाही, हे मला कळतं. पण कायदा ओळख मागतो म्हणजे कुणाकडं मागतो, हे तरी बघायला पाहिजे की नाही?

आणि त्या मतदानात अजून एक बारीक नियम आहे. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला पन्नास टक्क्यांच्या वर मतं लागतात, पण ती झालेल्या मतदानाच्या पन्नास टक्के नव्हे. यादीत जितक्या बायकांची नावं आहेत, त्यांच्या पन्नास टक्के. म्हणजे जी आली नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात. ज्या पोरीचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावाला गेली पण नाव यादीतच राहिलं, ती उभी. जी वारली आणि नाव काढलं नाही, तीही उभी.

गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातल्या लोकांना पुढचं सांगायला नको. दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं. नवरा-बायकोची कोयता म्हणून जोडीनं उचल घेतलेली असते. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. मतदान जर थंडीत लागलं, तर ज्या बाईनं पावसाळ्यात निवेदनावर सही केली, पडताळणीला मजुरी बुडवून रांगेत उभी राहिली, कार्ड पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं, ती त्या दिवशी सांगली-कोल्हापूरच्या एखाद्या फडात मोळ्या बांधत असते. कार्ड तिच्या पिशवीतच असतं. आणि गावातल्या मोजणीत तिचं मत उभ्या बाटलीकडं जमा झालेलं असतं.